बोरखिळीची टाकी

“मॅडम, जपून. चिखल आहे,” रफिक म्हणाला. मी चप्पल उचलून बघितली, तर खरंच चिखल होता.

मे महिन्यात बोरखिळीत चिखल म्हणजे नवलच. जत तालुक्याच्या त्या टोकाला होळीच्या आधीच पाण्याचे टँकर सुरू व्हायचे, आणि टँकर आला की गावातली भांडणंही सुरू व्हायची. अशा गावात, आमच्या नव्याकोऱ्या टाकीखाली जमीन भिजली होती आणि दोन कोंबड्या मोठ्या खुशीत ती उकरत होत्या. मी मान वर केली. उंच खांबांवर गोल टाकी उभी होती आणि तिच्या भिंतीच्या मध्यावर ओलीची काळपट रेघ चारी बाजूंनी फिरली होती. कमरेला करगोटा बांधावा तशी.

“किती भरली आहे?”

“अर्धीच्या जरा वर. पाणी त्या रेघेच्या खाली असलं की काही नाही. वर चढलं की पाझरायला लागतं,” रफिक म्हणाला. “खात्याची चाचणी अजून व्हायची आहे. म्हटलं, त्याआधी आपण भरून बघावी.”

रफिक मुलाणी आमचा साइट इंजिनियर. त्याचे वडील तात्यांचे पहिले मिस्त्री. वडील गेल्यावर तात्यांनीच त्याला कऱ्हाडला इंजिनियरिंगला घातलं. आणि तात्या म्हणजे रामचंद्र खराडे, कंपनीचे मालक. आता ती कंपनी राहिली नाही, म्हणून नावं घेऊन सांगायला हरकत नाही. मिरजेला ऑफिस, पाणीपुरवठ्याची, कालव्याची, शाळाखोल्यांची सरकारी कामं, आणि दोनच वर्षांपूर्वी शेअर बाजारात नाव लागलेलं. त्या दिवसापासून मी, वसुधा पाटणकर, सगळ्यांसाठी ‘हिशेबवाल्या बाई’ होते ती कागदोपत्री मुख्य वित्त अधिकारी झाले. खुर्ची मात्र तीच राहिली, एक पाय डुगडुगणारी.

“ही रेघ कसली?”

रफिकनं घाम पुसला. “मॅडम, टाकीच्या भिंतीचं काँक्रीट एका दमात ओतायचं असतं. मधे थांबलं, खालचं आवळलं, की वरचं त्याला धरत नाही. दोन वेगळे तुकडे एकमेकांवर ठेवल्यासारखं होतं.”

“मग थांबलात कशाला?”

“घमेल्यासाठी.”

मला कळेना. मग त्यानं सांगितलं. त्या दिवशी काम सकाळीच सुरू झालं होतं, भिंत अर्ध्यावर आली होती, आणि तात्यांना फोन आला की पुढारी येतायत. आमच्याकडे अशी पद्धतच आहे. काम कुठलंही असो, पुढाऱ्याच्या हातानं एक घमेलं पडल्याशिवाय ते शुभ होत नाही. तात्यांनी मिक्सर बंद करायला लावला. मांडव होता, हार होते, ताशेवाले होते. पुढारी वाटेत दोन लग्नं आणि एक मयत करून दुपार कलल्यावर आले. त्यांनी एक घमेलं टाकलं, फोटो झाला आणि ते गेले.

“मी तात्यांना म्हटलं होतं, काम थांबवू नका म्हणून,” रफिक म्हणाला. “तर म्हणाले, अरे, पुढारी दुखावला की बिलं दुखावतात.”

“दुरुस्ती?”

“रसायन भरलं की पाझर थांबेल. सांधा जुळणार नाही. पाण्याचा दाब वर्षानुवर्षं त्याच सांध्यावर राहणार, आतली सळई गंजणार. भिंत कधी फुटून खाली येईल, सांगता येत नाही. कोल्हापूरचे स्ट्रक्चरवाले साहेब येऊन बघून गेले. पाडा म्हणाले.”

“लेखी?”

“तात्यांनी लेखी मागू दिलं नाही.”

तो गुरुवार होता, बोरखिळीच्या बाजाराचा दिवस. त्या उघड्या माळावर झाड म्हणून नव्हतं. टाकी उभी राहिल्यापासून बाजार तिच्या सावलीत सरकला होता. सूर्य सरके तशा बायका पाट्या घेऊन सावलीमागे सरकत. मिरच्या विकणारी गौराक्का मला लांबूनच ओरडली, “या की बाई, सावलीला बसा. तुमचीच हाय!”

मी हसले, पण पाय पुढे पडला नाही.

दुसऱ्या दिवशी मी तात्यांच्या केबिनमध्ये गेले. ते चहा बशीत ओतून पीत होते. शेअर बाजाराच्या माणसांसमोर ते कप धरत, आमच्यासमोर बशी.

“तात्या, बोरखिळीची टाकी पाडावी लागणार.”

“पाडू की. मी कुठं न्हाई म्हंतोय? दिवाळी झाली की पाडू.”

“मग तोटा मार्चला संपलेल्या वर्षातच लिहावा लागेल.”

“का? त्या वर्षात पाडलीय का?”

“काम त्याच वर्षातलं, आणि पाडावी लागणार हे हिशेबावर सह्या व्हायच्या आधी कळलंय ना.”

“कुणाला कळलंय?”

“तुम्हाला, मला, रफिकला.”

“म्हंजे घरातच की,” तात्या म्हणाले आणि बशी खाली ठेवली.

सरकारी कामाचा हिशेब साध्या माणसाला उलटा वाटतो. काम जितकं झालं तितकी मिळकत धरायची, बिल हातात पडो न पडो. आणि एखादं काम तोट्यात जाणार असं दिसलं की तो सगळा तोटा, अगदी पुढे व्हायचा आहे तोसुद्धा, समोरच्या हिशेबातच लिहून मोकळं व्हायचं. बोरखिळी योजनेचा दर ठरलेला होता. टाकी पाडून पुन्हा बांधायची म्हणजे सगळी योजनाच अंगावर येत होती, आणि कंपनीचं ते वर्ष नफ्यातून तोट्यात जात होतं.

आता बाकीच्या धंद्यांत शेठ म्हणतो, बाई, नफा जरा कमी दाखवा, कर वाचेल. ठेकेदाराकडे उलट. आमचा माणूस तोटा लपवतो. कारण मोठ्या टेंडरच्या अटीतच असतं, मागची तीन वर्षं सलग नफा पाहिजे. एका वर्षाचा तोटा दिसला की दारातूनच परत. आणि त्या जूनमध्ये कालव्याचं टेंडर निघणार होतं. तात्यांनी आयुष्यभर ज्याची वाट बघितली ते काम.

“बाई, मी शपथेवर सांगतो,” तात्या म्हणाले. “कालव्याचं काम मिळू द्या. माझ्या खिशातनं नवी टाकी बांधतो. गावाकडनं एक रुपया घेणार न्हाई, खात्याकडनं न्हाई. आईची आण.”

आणि ते बांधणार होते, ह्यात मला तिळमात्र शंका नव्हती. हीच तर पंचाईत होती. माणूस लबाड असता तर मी त्याच दिवशी पर्स उचलून घरी गेले असते. तात्यांचा शब्द त्या भागात बँकेतसुद्धा चालायचा. मी नोकरी शोधत होते तेव्हा मिरज-सांगलीतले ठेकेदार मला बघून हसले होते. खडी-सिमेंटच्या धंद्यात बाईमाणूस हिशेब बघणार म्हणून. तात्या एकटे हसले नाहीत. माझे वडील अंथरुणाला खिळले तेव्हा कंपनीची गाडी आमच्या दारात उभी राहिली ती वडिलांना पोचवूनच हलली, आणि त्याबद्दल तात्यांनी नंतर कधी एक अक्षर काढलं नाही. त्यांच्याकडे तीनशे माणसं होती. त्यातल्या बऱ्याच जणांकडे त्यांचं असंच काहीतरी जमा होतं.

“तोवर टाकी रिकामी ठेवा,” मी म्हटलं. “बाजार तरी तिथून हलवा.”

“बाजार हलवला की गाव इचारंल का हलवला. गावानं इचारलं की खातं इचारंल. मग मी काय सांगू?”

“खरं सांगा.”

“टेंडर उघडल्यावर सांगतो.”

“तात्या, त्याखाली बायका बसतात. मुलं घेऊन.”

खिडकीबाहेर कुणीतरी ट्रकमधून सळया उतरवत होतं, त्याचा आवाज येत राहिला. मग ते हळूच म्हणाले, “बाई, मला काय हौस हाय व्हय? ती टाकी माझ्या डोक्यावर हाय रोज रात्री. पण एक पावसाळा. फक्त एक पावसाळा ती उभी ऱ्हाऊ दे.”

“मला त्या हिशेबावर सही करता यायची नाही.”

“सहीचं मागनं बघू,” ते म्हणाले. “येत्या गुरुवारी ऑडिटर खांबेटेसाहेब टाकी बघायला येतायत. तुम्ही बरोबर चला. तुम्ही न्हाई आला तर त्यांना शंका येईल.”

“मी खोटं बोलणार नाही, आधीच सांगते.”

“खोटं कोण बोलायला लावतंय? गप ऱ्हावा म्हंतोय. एवढं तरी ऱ्हाशीला का माझ्यासाठी?”

आणि मी हो म्हटलं. तेव्हा खांबेट्यांना एक फोन केला असता तर काम झालं असतं, असं मला पुष्कळांनी नंतर सुनावलं. सुनावणाऱ्यांनी तात्यांचं मीठ खाल्लं नव्हतं. मी मनाशी ठरवलं होतं की गप्प राहायचं, सही करायची नाही आणि राजीनामा देऊन निघून जायचं. आपले हात स्वच्छ, बाकीचं देव बघेल. टाकीखालच्या बायकांचं देव काय बघणार होता, हा प्रश्न मी त्या आठवड्यात स्वतःला विचारला नाही असं नाही. विचारला, आणि मला झोप लागली नाही.

गुरुवारी आम्ही पोचलो तेव्हा टाकी ओळखू आली नाही. रेघेत रसायन भरून वरून पिवळा रंग मारला होता. टँकरमागून टँकर आणून टाकी काठोकाठ भरली होती, इतकी की वरच्या नळीतून पाणी ठिबकत होतं. गावातली पोरं त्या थेंबांखाली तोंड वर करून उभी होती. आणि टाकीखाली बरोबर मधोमध तात्यांनी खुर्च्या मांडल्या होत्या. टेबल, टेबलावर फुलाफुलांचं कापड, ताकाचा जग, कलिंगडाच्या फोडी. भोवती बाजार भरलेला. तात्यांची अक्कल काही कमी नव्हती. ज्या टाकीखाली सगळं गाव निवांत बसलंय तिच्याबद्दल ऑडिटर काय विचारणार?

खांबेटे टाकीभोवती फेरी मारत होते, तेवढ्यात मी गौराक्काकडे गेले.

“आक्का, पाटी जरा बाजूला घे. इथून लांब बस.”

“उन्हात?” ती माझ्याकडे वेड्याकडे बघावं तशी बघायला लागली. “मिरच्या वाळवायच्या हाईत व्हय मला? वाळल्याल्याच हाईत त्या.”

“टाकीचं काम नीट झालेलं नाही, आक्का. मी आतली आहे म्हणून सांगते.”

तिनं वर बघितलं. पिवळीधमक टाकी, वर निळं आभाळ. “एवढी मोठी? सरकारी हाय बाई ती. सरकारी काय पडतंय व्हय? खाजगी असती तर गोष्ट येगळी.”

मी आणखी दोघी-तिघींना सांगितलं. एका लेकुरवाळीनं मूल उचललं, टोपली उचलली आणि मुकाट्यानं उन्हात जाऊन बसली. बाकीच्या तिला हसल्या.

“बाई, या, बसा,” तात्यांनी हाक मारली. ते आणि खांबेटे बसले होते. दोन खुर्च्या रिकाम्या होत्या, एक माझी आणि एक रफिकची.

मी सावलीच्या कडेला पोचले आणि थांबले. तिथं जमिनीवर सावलीची रेघ स्पष्ट होती. माझ्या मनात काहीही ठरलेलं नव्हतं. देवाशपथ सांगते, डाव वगैरे काही नव्हता. पाऊलच उचलेना. अंगातल्या सगळ्या शिरा त्या टाकीखाली जायला नाही म्हणत होत्या.

“नको तात्या. मी इथंच बरी आहे.”

“अहो ऊन किती हाय!”

“असू दे.”

मी डोक्यावर पदर घेतला. तेवढ्यात रफिक आला. त्यानं माझ्याकडे बघितलं, रिकाम्या खुर्च्यांकडे बघितलं आणि येऊन माझ्या शेजारी उभा राहिला. दोन हातांवर थंड सावली आणि आम्ही दोघं उन्हात, शाळेत शिक्षा झालेल्या पोरांसारखे.

खांबेटे पुण्याचे. साठीच्या पुढचे, हडकुळे, कमी बोलणारे. ते आकडे विचारू लागले. योजनेचं काम किती टक्के धरलंय, पाइप किती पुरला, मोटारी आल्या का. रफिक उन्हातूनच उत्तरं देत होता. बाजाराच्या गलक्यात त्याला ओरडावं लागत होतं.

“मुलाणी, ऐकू येत नाही हो. जवळ या.”

रफिक एक पाऊल पुढे आला. त्याच्या बुटाचं टोक सावलीच्या रेघेला लागलं, तसा तो थांबला. आणि तिथूनच आणखी मोठ्यानं ओरडून त्यानं मोटारींचं सांगितलं.

खांबेट्यांनी ताकाचा पेला ओठांपर्यंत नेला होता. तो तसाच राहिला. त्यांनी रफिकच्या बुटांकडे बघितलं. मग माझ्याकडे. माझ्या कपाळावरून घाम डोळ्यांत जात होता आणि मी तो पुसतसुद्धा नव्हते. मग त्यांनी मान मागे टाकली आणि आपल्या डोक्यावरच्या त्या पिवळ्या बुडाकडे बराच वेळ बघत राहिले.

“तुम्हा दोघांना ऊन फार मानवतं वाटतं,” ते म्हणाले.

आम्ही गप्प. गप्प राहायचा शब्द मी दिलाच होता.

त्यांनी पेला टेबलावर ठेवला. उठले. आपली खुर्ची स्वतः उचलली, ओढत-ओढत सावलीबाहेर आणली आणि माझ्याजवळ मांडून उन्हात बसले.

“अहो साहेब!” तात्या अर्धवट उठले. “हे काय? ऊन लागंल की!”

“संधिवात आहे मला, तात्यासाहेब. उन्हात बरं वाटतं.” खांबेट्यांनी रुमाल काढून डोक्यावर घेतला, त्याच्या चार कोपऱ्यांना गाठी मारल्या. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी हसले असते. मग ते आवाज न चढवता म्हणाले, “ह्या टाकीचा तोटा किती धरायचा ते तुम्ही सांगता, की मी धरू?”

तात्या पुन्हा खुर्चीत बसले.  समोर तीन माणसं उन्हात आणि ते एकटे त्या टाकीच्या बरोबर मधोमध, दोन रिकाम्या खुर्च्यांमध्ये. त्यांनी जगमधलं ताक पेल्यात ओतून घेतलं आणि सावकाश प्यायला लागले. नंतर आणखी एक पेला, मग तिसरा. मला त्यांचा असा राग आला! एवढा ताठा! वाटलं, हा माणूस आम्हाला दाखवतोय की बघा, मी बसलोय, काय होतंय? खांबेटे गाडीत जाऊन बसले, आम्ही कागद आवरले, तरी ते तिथंच होते. गौराक्का त्यांना मिरच्यांचा भाव सांगत होती आणि ते मान हलवत होते.



खांबेट्यांनी कळवलं की तोटा लिहिल्याशिवाय हिशेबावर त्यांची सही मिळणार नाही. पण ह्यानं काम संपलं असं समजू नका. संचालक मंडळात तात्यांचा भाऊ, मेव्हणा आणि एक व्याही. खांबेटे नाहीत तर सांगलीत दुसरे होते. असे ऑडिटर मिळतात, त्यांना साइट बघायची हौस नसते. मेव्हण्यानं त्यांच्याशी बोलणंही करून ठेवलं होतं. माझ्या जागी बसायलाही एक माणूस होता, तोही मेव्हण्याचाच. सगळं तात्यांच्या एका शब्दावर अडलं होतं आणि तो शब्द कुठला असणार हे ऑफिसातल्या शिपायालासुद्धा ठाऊक होतं.

संचालक मंडळाच्या सभेच्या दिवशी सकाळी त्यांनी मला बोलावलं. टेबलावर हिशेबाच्या दोन प्रती होत्या. एक नफ्याची, एक तोट्याची. तोट्याची मी करून दिली होती. नफ्याची कुणी केली ते मी विचारलं नाही. माझा राजीनामा पर्समध्ये होता. मी तो काढून टेबलावर ठेवला.

त्यांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. चहा निवत होता. बशी कोरडी होती.

“एक विचारू का, पोरी?”

इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी पोरी म्हटलं नव्हतं. मी ‘बाई’ होते. दिवाळीला साडी पाठवायचे तीसुद्धा ‘पाटणकरबाईंना’ अशी चिठ्ठी लावून.

“विचारा ना.”

“त्या दिवशी तू गौराक्काला सांगितलंस, इथनं ऊठ म्हणून. तिनंच सांगितलं मला. दुसऱ्या बायकांनाबी सांगितलंस.”

“हो.”

“खांबेट्याला तू तोंड न उघडता उठवलंस. रफ्या तर... माझ्या मांडीवर खेळलेलं पोर. त्यानं बुटाचं टोक आत पडू दिलं न्हाई.”

मी उघडी पर्स मिटली.

“मी बसलो होतो की गं खाली,” तात्या म्हणाले. “खुर्ची टाकून. समदी बाहेर गेल्यावरबी बसलो होतो. तुम्ही दोघं दहा हातांवर उभी. तुमच्यापैकी कुणी मला म्हणालं न्हाई, तात्या, उठा.”

 मला वाटलं, आता हे चिडतील. ते चिडले नव्हते. ते खरंच विचारत होते.

“तुम्ही उठला नसतात, तात्या,” मी म्हटलं.

“नसतो उठलो. पर म्हणायला काय झालं होतं?”

 काय सांगणार होते? त्या वेळी माझ्या मनात काय आलं होतं ते मला पक्कं आठवत होतं. बसू दे, असं आलं होतं. एवढा ताठा आहे ना, मग बसू दे. ज्या माणसानं माझ्या बापाच्या आजारपणात एक रात्रसुद्धा दारातली गाडी हलू दिली नाही, त्याच्याबद्दल मला एवढंच सुचलं होतं. डोळे भरून आले आणि मी ते पुसले नाहीत, कारण पुसले असते तर त्यांना दिसलं असतं.

“तीन पेले ताक प्यालो,” ते म्हणाले. “प्रत्येक घोटाला वाटायचं, आता हाक येईल. मग कळलं, न्हाई येत. माझीच माणसं मला त्या टाकीखाली सोडून मोकळी झाली. त्या बायकांना वाचवायचं सुचलं, परक्या ऑडिटरला वाचवायचं सुचलं. मी बहुतेक तुमच्या हिशेबातनं आधीच गेलो होतो.”

“तात्या...”

“आगं, असा माणूस कालवा बांधून काय करणार? नफा तरी कुणाला दाखवणार?”

त्यांनी नफ्याची प्रत उचलली, मधोमध दुमडली आणि चहाच्या कपाखाली ठेवली, तिच्यावर लगेच गोल डाग पडला. दुसरी प्रत पुढे ओढली. त्यांची सही मोठी आणि वळणदार होती, शाळेत गिरवल्यासारखी. प्रत्येक पानावर ती करायला त्यांना बराच वेळ लागला. मी समोर उभी राहून बघत होते. बाहेर मेव्हण्याची गाडी आल्याचा आवाज झाला. शेवटच्या पानावर त्यांचं पेन एकदा थांबलं, तोट्याच्या आकड्याजवळ, आणि मग पुढे गेलं.

माझा राजीनामा त्यांनी माझ्याकडे सरकवला.

“हे न्या. आणि रफिकला फोन लावा, बाई,” ते कागदांवरून नजर न काढता म्हणाले. “टाकी आजच रिकामी करायला सांगा त्याला. आणि बाजार शाळेच्या पटांगणात बसवायला सांगा. मांडवाचा खर्च माझ्या नावावर लिहा.”

मी तिथंच उभी राहिले. वाटलं, ते आणखी एकदा मान वर करतील.

“लावताय ना फोन?” ते म्हणाले.

मी फोन लावला.